बाटली काळी झाली नव्हती

तीन आठवड्यांपूर्वी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका टोलीवर माझ्या हातात पाण्याचा लोटा होता, आणि मला तो तोंडाला लावता येईना...

टोली म्हणजे छोटी वस्ती, आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या अलीकडे, जंगलाला लागून. तीसेक घरं. नाव लिहीत नाही, कारण चूक टोलीची नाही, माझी आहे.

मी सरकारी भूवैज्ञानिक, सगळ्यात खालच्या पायरीवरची. गोंदियात शेजारच्या काकू मला सरळ ‘पत्थरवाली मॅडम’ म्हणतात. एम.एस्सी. केलं, मग तीन वर्षं परीक्षाच देत बसले. मुलाखतीत विचारलं, पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड जास्तीत जास्त किती चालतं? प्रश्न संपायच्या आत मी ‘लिटरला दीड मिलिग्रॅम’ म्हणून मोकळी! साहेब हसले. नोकरी लागली.

ही टोली म्हणजे माझी पहिली साईट. चार वर्षांपूर्वीचा मे महिना, बाया किलोमीटरभर लांबच्या जुन्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. मी मशीन लावून बोअरची जागा काढली, नारळ फुटला, आणि खोल खडकाच्या भेगेत पाणी लागलं... काय पाणी होतं! पहिला गिलास सगळ्यांनी मलाच दिला. मी इतकी फुगले होते की विचारू नका.

आता नियम असा, की लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही. पण लॅबला वेळ लागतो, आणि इथे बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. म्हणून मी जागेवरच्या तपासणीची छोटी बाटली भरून अंगणवाडीच्या ताईंकडे ठेवली. पाण्यात घाणीतले जंतू असतील तर ती एकदोन दिवसांत काळी पडते. दोन दिवसांनी ताईंचा फोन आला, काळी नाही झाली. मी म्हटलं, मग प्या बिनधास्त.

ती बाटली फक्त जंतू दाखवते. फ्लोराईड दाखवत नाही. मला माहीत नव्हतं का? होतं हो! पण लॅबचा नमुना ‘पुढच्या फेरीत घेऊ’ म्हणून राहिला आणि माझी दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. जुन्या डायरीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे... ‘रासायनिक तपासणी बाकी’.

यंदा परत या भागात आले, नमुना घेतला. फ्लोराईड मर्यादेच्या दुप्पट. तो रिपोर्ट बॅगेत घालून सुशीलाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांच्याच घरासमोर पंप आहे.

इकडे आल्यागेल्याच्या हातात आधी लोटा, मग बोलणं. बोअरचंच पाणी, थंडगार. समोर त्यांची सात वर्षांची नात हसत उभी. पुढचे दात नुकतेच आलेले... पांढरे चट्टे, मधे तपकिरी रेघा. फ्लोराईड लहान पोरांच्या दातांवर असंच उमटतं.

सगळं नीट समजावून सांगायचं ठरवून गेले होते. पण लोटा हातात तसाच राहिला, आणि सुशीलाबाई माझ्या हाताकडेच बघत होत्या.

“काऊन नाही पेत मॅडम? पानी खराब हाय का?”

मला फक्त ‘हो’ म्हणता आलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लोटा काढून घेतला, पाणी अंगणात ओतलं आणि हळूच म्हणाल्या, “तुमीच त पेल्या होत्या ना पयला गिलास... म्हनून त आमी पेऊन राहिलो.”

त्या दिवशी पंपाला लाल रंग लावला. ब्रश मीच धरला. आंघोळ-धुणं चालेल, पिणं आणि स्वयंपाक नाही. ऑफिसला लेखी कळवलं की चूक माझी आहे, जे व्हायचं ते होईल. पण पोरीचे हे दात आता असेच राहणार, हे आजीला मी ब्रश धुता धुता, मान खाली घालूनच सांगितलं.

तोवर पंचायतीचा टँकर सुरू करवला. जुन्या विहिरीचा नमुना त्याच दिवशी लॅबला दिला आणि रोज फोन करून त्यांचं डोकं खाल्लं. रिपोर्ट चांगला आला. काल तो घेऊन गेले. वाटलं, या वेळी कोणी पाणी विचारणार नाही, आणि विचारूही नये.

सुशीलाबाई लोटा घेऊन बाहेर आल्या. पण माझ्या हातात दिला नाही, स्वतःच्या बाजूला ठेवला. “हिरीचं हाय. आधी कागद दाखवा.”

मी दाखवला. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी तो नातीपुढे धरला. पोरगी दुसरीत आहे. बोट ठेवून एकेक अक्षर लावत तिने मोठ्याने वाचलं, “पि-ण्या-स... यो-ग्य.” वाचता आलं म्हणून खुश होऊन ती हसली, आणि ते दात पुन्हा दिसले मला...

“आता पेवा,” सुशीलाबाई म्हणाल्या.

प्याले. सगळा लोटा. एम.एस्सी.ने आणि मुलाखतीने मला दीड मिलिग्रॅम शिकवलं होतं. आधी कागद, मग पाणी, हे मात्र या माऊलीने शिकवलं... तेही नातीचे दात खराब झाल्यावर. त्यानंतरही तिने मला पाणी दिलं, हे मी विसरणार नाही.