मॅडमनी गाळलेली गोष्ट

मॅडम गमतीची गोष्ट सांगायच्या आधी स्वतःच पोटभर हसून घ्यायच्या. "नंतर मला चान्स मिळत नाही, तुम्हीच हसत बसता," असं वर म्हणायच्या. इथे परदेशात, टार्निटच्या आमच्या गल्लीत कोपऱ्यावरून आधी त्यांचं हसू यायचं आणि मागून मास्क लावलेल्या मॅडम.

सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून त्या रिटायर झाल्या होत्या. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आल्या आणि विमानंच बंद झाली. लॉकडाउनमध्ये फिरायला तासभर परवानगी, तीही एकाच माणसासोबत. शेजारीण म्हणून तो मान बऱ्याचदा मला मिळे. त्या फिरण्यात त्यांनी मला सहाशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी पुस्तक ऐकवलं. यात्रेला निघालेली माणसं वाटेत वेळ जावा म्हणून एकमेकांना गोष्टी सांगतात, असं ते पुस्तक. लेखक कस्टम्समध्ये नोकरीला. "दिवसभर लोकरीवर जकात वसूल करायची आणि घरी येऊन लोकांची उणीदुणी काढायची. अगदी आपल्यातला गं!"

त्यातली एक गोष्ट मात्र मॅडमनी नोकरीभर गाळली होती. फार चावट आहे असं ऐकून प्राचार्यांनी सांगितलं होतं, "ही आपल्या कॉलेजात नको." प्राचार्य म्हणजे मॅडमचे यजमानच. घरीही त्या त्यांना 'सर'च म्हणत. आता सर सांगलीत एकटे पडले होते. व्हिडिओ कॉलवर "हं" आणि "जेवलो" यापलीकडे बोलेनासे झाले होते. एरवी खिदळणाऱ्या मॅडम कॉल संपला की बंद फोनच पुसत बसत. "आजारी नाहीत गं ते, विझत चाललेत," एकदा मला म्हणाल्या. "मी इथे अडकलेली. एकदा खदखदून हसले ना, तर निभावतील."

गणपतीत आमच्या मंडळाने झूमवर कार्यक्रम ठेवला. 'इंग्लंडमधल्या यात्रेकरूंच्या गोष्टी' हा विषय ऐकून सेक्रेटरी भारावलेच. आरतीनंतरची वेळ देऊन टाकली. "सो नाइस, मॅडम! मुलांवर संस्कार होतील." यावर मॅडम इतक्या हसल्या की मला तेव्हाच शंका आली.

कार्यक्रमाला सर सांगलीहून इस्त्रीचा शर्ट घालून, माइक बंद करून हजर होते. मॅडमनी नेमकी तीच गोष्ट काढली. एक म्हातारा सुतार, त्याची तरुण बायको आणि घरातला चालू भाडेकरू. तिला एकटं गाठायला महापूर येणार अशी थाप भाडेकरू मारतो आणि सुतार बिचारा छताला टब टांगून त्यात झोपतो. "हसू नका, लॉकडाउनच्या भीतीने तुमच्या गराजमध्ये टॉयलेट पेपर किती भरलाय ते मला माहितेय!" मग खिडकीबाहेर आणखी एक प्रेमवीर येतो. अंधारात डोळे मिटून सुताराच्या बायकोकडे पापा मागतो आणि खिडकीतून जे पुढे येतं, ते तोंड नसतं.

सेक्रेटरी म्यूटचं बटण शोधू लागले. "मॅडम, मुलं आहेत, प्लीज!" माझी लेक किंचाळली, "आज्जी, दॅट्स सो ग्रॉस! देन व्हॉट?"

तेवढ्यात सांगलीचा माइक उघडला. आधी खोकला आला आणि आम्ही सगळे दचकलो. पण तो खोकला नव्हता. सर चष्मा काढून, टेबलावर हात आपटत हसत होते. "अगं, ही... ही मी गाळायला लावली होती?"

त्या दिवशी हसू आवरलं ते फक्त मॅडमनी. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "शेवट घरी आल्यावर सांगते, सर. तोवर नीट जेवायचं." लेखकानेही म्हणे ते पुस्तक अर्धंच सोडलं होतं, त्यामुळे आम्हाला तक्रार करता येईना.

कित्येक महिन्यांनी त्यांना विमानात जागा मिळाली. त्या गेल्यावर गल्ली इतकी शांत झाली की मला त्या शांततेचा राग यायचा. शेवटी मीच सांगलीला फोन लावला. परदेशातून आल्यामुळे मॅडमना काही दिवस अंगणातल्या खोलीत वेगळं राहायचं होतं.

"आणि सर?" मी विचारलं.

पलीकडून आधी हसू आलं, बराच वेळ.

"अंधार पडला की रोज खिडकीशी येतात, शेवट ऐकायला. मी आधी टॉर्च मारून बघते, तोंडच आहे ना!"