भट्टीला भिणारे मामा

तंजावूर जिल्ह्याच्या वाट्याला जेवढी भीती आली असेल, तिच्यातली निम्मी माझ्या मामेसासऱ्यांनी एकट्याने उचलली आहे. उरलेली निम्मी आम्हा घरच्यांना त्यांच्यापायी वाटते. मी मूळची सांगलीकडची. लग्न होऊन इथल्या राजवाड्यामागच्या गल्लीत आले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून मराठी टिकवणारी ही माणसं मोठी धीराची असणार, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी मी मामांच्या पाया पडायला वाकले तर ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "सावकाश अम्मा, डोकं आपटेल." कुणाचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

अनोळखी नंबरचा फोन ते उचलत नाहीत. ओळखीच्याचाही उचलत नाहीत, कारण ओळखीचा माणूस या वेळी फोन करतो म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट घडलेलं असणार. आपल्या सहीची कुणी नक्कल करू नये म्हणून ते दर खेपेला सही थोडी बदलतात. त्यामुळे बँकेत त्यांना स्वतःची ओळख पटवायला मला बरोबर न्यावं लागतं. मोठ्या देवळाच्या समोरच्या दारातून आत गेलेल्या पुढाऱ्याची खुर्ची जाते, असा इथे समज आहे. मामा कुठल्याच खुर्चीवर नाहीत, तरी जन्मभर बाजूच्या दारानेच जातात. मी चिडवलं तर म्हणाले, "भट्टीच्या दाराबाहेर बसायचा मोडा तरी अहे की नाही? तो गेला तर?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण मामांच्या पाठी लागायचं तर ब्रह्मराक्षसालाही रांगेत उभं राहावं लागेल.

आणि देवाची करणी अशी, की या माणसाचा धंदा चुरमुऱ्यांच्या भट्टीचा. घराच्या मागच्या अंगाला बुटक्या कौलांची खोली, तिच्यात साळीच्या तुसावर पेटणारी वडिलोपार्जित भट्टी, वर तापलेल्या वाळूची कढई. मामा विस्तवाला भितात. ते उंबऱ्याबाहेर उभे राहून तांदूळ मोजणार, पोती शिवणार, गिऱ्हाइकाशी बोलणार. आत धुरात बसून वाळूत तांदूळ टाकायचे, हलवायचे आणि फुलले की चाळून काढायचे, हे सगळं मामींनी करायचं. लग्न झाल्यापासून तीस वर्षं त्या तिथेच बसत आल्या. मामी तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, फक्त खोकतात. आधी सकाळी खोकायच्या, मग दिवसभर, आणि गेल्या वर्षी तर जिना चढताना दम लागून चौथ्या पायरीवरच बसून राहायला लागल्या. मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, की धूर थांबला नाही तर औषधांचा काही उपयोग नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला मामांसारखी भीती वाटली, आणि तिच्यात गंमत मुळीच नव्हती.

म्हणून मी शोधाशोध केली. छोट्या धंद्यांनी धूर कमी करावा, काही नवं करून पाहावं, म्हणून सरकार यंत्राच्या किमतीतला मोठा हिस्सा देतं, असं कळलं. चुरमुरे फुलवायला विजेवर फिरणारा बंद ढोल आणि कौलांवर सौरपट्ट्या, म्हणजे मामींना धुरात बसायचं कारणच उरणार नव्हतं. मी अर्ज आणून दिला. मामांनी तो तीन दिवस देवापुढे ठेवला, राहुकाळ टाळून उघडला आणि माझ्या हाती न देता स्वतःच भरून, स्वतःच देऊन आले. मला प्रत दाखवली ती नंतर. 'धूर होतो का?' नाही. 'शेजाऱ्यांना त्रास?' नाही. 'काम करणाऱ्यांना आजार?' नाही. 'आपण कोणता नवा प्रयोग करू इच्छिता?' या प्रश्नापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की पूर्वजांनी केलं तेच आम्ही करतो, नवं काही केलेलं नाही, पुढेही करणार नाही, याची खात्री असावी.

मी कपाळावर हात मारला. मामा म्हणाले, "अम्मा, आमचे आजे सांगत होते, सर्कार काही पुसलं की आधी नाही म्हणायचं. मग घरी येऊन विचार करायचा."

अर्जाचा इतका आदर्श नमुना पाहून असेल, पण पाहणीला अधिकारी येणार असा निरोप आला. मामांचं अन्नपाणी सुटलं. दोन दिवस आधी भट्टी विझवायला लावली, काळ्या भिंतींना माणूस लावून चुना दिला, दारात कोलम म्हणजे रांगोळी घातली आणि खोकल्याचा पुरावा नको म्हणून मामींना त्यांच्या बहिणीकडे ओरत्तनाडूला पाठवून दिलं. मी सांगून थकले, की धूर दिसला तरच मदत मिळेल. ते म्हणाले, "धूर दिसला तर भट्टीला कुलूप लावतील. मग तिला खायला काय घालू?" भीतीच्या बुडाशी हे होतं, ते मला तेव्हा कळलं.

अधिकारी म्हणजे एक तरुण बाई निघाल्या. पांढऱ्याशुभ्र खोलीत उभ्या राहून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "धूर नाही, आजार नाही, तक्रार नाही. मग यंत्र कशाला?" मामांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ते "नाही मॅडम, नाही मॅडम" एवढंच म्हणत होते. बाईंनी कागदाची घडी घातली. "ज्यांना खरी गरज आहे त्यांना मिळू दे," त्या शांतपणे म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. मामींचं जिन्यावरचं ते बसणं डोळ्यांपुढे आलं.

तेवढ्यात मामांनी उंबरा ओलांडला. त्यांना त्या उंबऱ्याच्या आत मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी काडेपेटी उचलली. तीन काड्या मोडल्या, चौथी पेटली. तूस धुमसायला लागलं आणि पाहता पाहता ती खोली अशी भरून गेली, की बाई आणि मी डोळे पुसत, ठसकत अंगणात आलो. मामा आतच. दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता. घाबरून त्यांचं तमिळ पार पळालं होतं, उरली होती ती घरची मराठी. "पहा मॅडम! हा धूर! कागदावर मी खोटं लिहिलों! तीस वर्षं माझी बायको हितंच बसली अहे! मी भित्रा, मी भायेर उभा राहिलों! तिचा जीव जातो की!" मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण बाईंनी हातानेच थांबवलं आणि घडी घातलेला कागद पुन्हा उलगडला. मग आम्ही दोघींनी मिळून मामांना ओढून बाहेर काढलं. बाहेर येताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "आता तुरुंगात किती दिवस?"

तुरुंग राहिला बाजूला, अर्ज नव्याने भरला गेला, आणि काही महिन्यांनी यंत्र आलं. अर्थात मामा यंत्रालाही भितात. ते हाताला रबरी मोजे चढवून, देवाचं नाव घेऊन बटण दाबतात. पण दाबतात स्वतः. मामींना त्या खोलीत आता पाऊल टाकू देत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं बळ परत यायचं नाही, पण आहे ते टिकेल, खोकलाही कमी होईल. तसा तो झाला.

मला वाटलं होतं, आता तरी मामा निर्धास्त होतील. पण इतकी वर्षं पाठीमागून खोकला ऐकू आला की ती आहे हे त्यांना न पाहता कळायचं. आता घर शांत असतं आणि त्या शांततेला ते भितात. मामी माजघरात भाजी चिरत असल्या तरी मामा दर थोड्या वेळाने यंत्र थांबवतात, दाराशी येतात आणि हाक मारतात, "अगे, अहेस की?" मामींना दम लागलेला असला की उत्तर यायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ मामा चौकट धरून उभे राहतात, आणि मी त्यांची थट्टा करत नाही. हातातलं काम टाकून मीही कान देऊन उभी राहते.