विमलमावशीचं भेव

गाडीत कोण बसतं हे विचारल्याशिवाय विमलमावशी कुणाचंही काम हातात घेत नसे. भिलाईजवळच्या हथखोज या कारखान्यांच्या वस्तीत, एका शेडमध्ये, रबर साच्यात दाबायचा तिचा छोटासा हँडप्रेस होता आणि त्यावर ती गाड्यांची फाउंडेशनं बनवायची. फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबर आणि लोखंडाचा ठोकळा. इंजिनाचे हिसके तो पोटात घालतो. गिऱ्हाईक घाईत असायचं, फाटका तुकडा टेबलावर टाकून म्हणायचं की असाच दुसरा द्या. मावशी विचारायची, "बसते कोण गाडीत? लेकरं बसतात का?" लेकरं बसत असली की साच्यातून निघालेल्या रबरात ती अंगठ्याचं नख रुतवून बघायची. नखाची खूण लवकर बुजली नाही, तर तो तुकडा सरळ भंगारात जायचा.

मावशी भित्री होती, हे आधीच सांगून टाकते. ती आईची मैत्रीण, नागपूरकडची. नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर तिनं रबराचं काम शिकून घेतलं. भिलाईतल्या कॅम्प-१ वस्तीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिला विजेची भीती, कुत्र्यांची भीती, आणि सगळ्यात जास्त मोटारीची. पोट चालायचं मोटारींवर आणि स्वतः मात्र मोटारीत पाय ठेवायची नाही. पावर हाउसच्या बाजारात ऑटोनं जायचं तरी रामनाम सुरू. आम्ही चिडवलं की ती शांतपणे म्हणायची, "भेणारा माणूस नट दोनदा पाहते. तुमच्यावानी शूर लोक एकदाच पाहतात."

त्या शूर लोकांत मी पहिली. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता, त्यामुळे सगळं मलाच कळतं अशी माझी खात्री. जुनी सेडान घेतली, तिला टर्बो बसवला आणि नागपूरकडच्या एका शर्यतीत नाव दिलं. इंजिनाची ताकद वाढली, पण खालची फाउंडेशनं साध्या गाडीची. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन जागच्या जागी उसळायचं आणि गिअरचा दांडा हातात हिसका मारायचा. एका महिन्यात दोन फाउंडेशनं फाटली. मावशीनं कडक रबराची करून दिली. उसळणं बरंच थांबलं, तरी माझं समाधान होईना. आम्ही पडलो भिलाईचे, पोलाद कारखान्याच्या गावचे, आमचा भरवसा लोखंडावर. तिच्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून एकाकडे मी रबर काढून टाकलं आणि सगळे ठोकळे पोलादाचे करून घेतले. मावशीला पत्ता लागू दिला नाही.

हथखोजमध्ये काय लपतं! संध्याकाळी ती घरी आली आणि चहाला हात न लावता बसून राहिली.

"रबर फाटाच्या आधी सांगते, पोरी," ती म्हणाली. "चीर पडते, आवाज येते. लोखंड काई सांगत नाई, एकदम सोडते. आणि इंजिन कलंडलं, अॅक्सिलरेटरची तार ओढल्या गेली, तं गाडी आपोआप पळन. मंग काय करशीन?"

मी हसले. पोलाद फाटत नाही, म्हटलं, आणि उद्या सकाळी गाडी पळवून बघणार आहे. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. मी एकटीच, म्हटलं. ती उठून गेली.

सकाळी दार उघडलं तर मावशी गाडीपाशी उभी. तोंड पांढरं पडलेलं. आत बसली आणि पट्टा लावून दे म्हणाली. मला वाटलं, चला, म्हातारीची भीती मोडली.

हथखोजच्या मागचा सरळ रस्ता. सुट्टीचा दिवस, एकही ट्रक नाही. थरथर इतकी की दातावर दात वाजत होते. तिसऱ्या गिअरमध्ये मी पूर्ण दाब दिला आणि समोर काहीतरी धाडकन तुटलं. मी पाय उचलला. गाडी थांबेना, उलट आणखी जोरात निघाली. ब्रेक दाबला, तरी इंजिन ओढतच होतं. रस्त्याच्या टोकाला एका बंद कारखान्याची भिंत होती, ती मोठी मोठी होत चालली. शिकलेलं सगळं डोक्यातून साफ पुसलं गेलं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि मरायची वाट बघू लागले. खरं तेच सांगते आहे.

"क्लच दाब," शेजारून आवाज आला. ओरडली नाही ती. मी दाबला. इंजिन नुसतं किंचाळायला लागलं. "आता चावी. एकच घर माघारी. पुरी नको, स्टिअरिंग अडकन."

गाडी थांबली तेव्हा भिंतीवरच्या विटा मोजता आल्या असत्या.

बॉनेट उघडून बघितलं. पोलादी ठोकळा शाबूत होता. तो ज्या ब्रॅकेटला जोडला होता ते ब्रॅकेटच मुळापासून तुटलं होतं, कारण सगळे हिसके आता त्याच्यावर येत होते. मावशीला गाडीतून उतरता येईना. मी रस्त्यावर बसून रडले. मग विचारलं, असं होणार हे माहीत होतं तर बसलीस कशाला?

"तू आयकली नाई. मंग काय करू? घरी बसून भेऊ?" ती म्हणाली. "रातभर क्लच, चावी, क्लच, चावी घोकून राहिली होती मी. घरी बसून त्याचा काय उपेग?"

शर्यतीला मी गेले नाही. मावशीनंच पुढे नवी फाउंडेशनं करून दिली, रबराची, आणि मी ती गुमान बसवली. त्या सकाळबद्दल ती कुणाकडे एका शब्दानं बोलली नाही, माझ्या आईकडेही नाही.

मागच्या वर्षी रायपूरला तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यातून ती परत आली नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून जो तो येऊन तिला सांगत होता की घाबरू नका, काही होत नाही. सगळे गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"मले लय भेव वाटून राहिलं," ती म्हणाली. "तू तरी भेऊ नको म्हणू नको."

मी तसं म्हटलं नाही.

"तुले वाटते का?"

"लय वाटते, मावशी."

"मंग तूच चाल संग. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत हात सोडू नको."

स्ट्रेचर ढकलताना वॉर्डबॉयनं दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. मी दारापर्यंत हात सोडला नाही.