शिवराम कंडक्टरचं वाचन

शिवराम माणूस सोन्यासारखा, पण ग्रंथ वाचायला बसला की ऐकणाऱ्याची धडगत नसायची. बसमध्ये कंडक्टर ना तो! दिवसभर स्टॉप पुकारून घसा तसाच घडलेला. राजपुत्र घर सोडून निघालाय, झोपलेल्या बाळाकडे शेवटचं बघतोय, आणि हा गडी ते असं वाचायचा की पुढचा स्टॉप आलाच म्हणून समजा!

चौऱ्याऐंशी साल असेल. वाशीतल्या त्या नव्या बिल्डिंगीत कोकणातून, मराठवाड्यातून आलेली बरीच बौद्ध कुटुंबं होती, पण जवळपास विहार नव्हतं. मग लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेल्या शिवराम-पुतळाने वर्षावासातलं ग्रंथवाचन अंगावर घेतलं. पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी, तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत. पुतळा खोली झाडायची, सतरंज्या अंथरायची; वाचायचा शिवराम. ड्युटीवरून आला की आंघोळ, पांढरा सदरा, आणि निघाला खाली. काय ती हौस! त्या हौसेवरच तर पुतळाचा जीव होता.

पहिला आठवडा खोली भरली. मग शेजारच्या भिमाबाई, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगीची आजी, बसल्या बसल्या घोरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पुतळाच्या दारात हजर. "पोरी, काल डोळा लागला माझा. पुढं काय झालं गं?"

पुतळाने तेच पान वाचून दाखवलं. सावकाश, घरातल्याच माणसाची हकीकत सांगावी तसं. भिमाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि जाता जाता चार दारं वाजवली. झालं! पुतळाच्या घरी दुपारची सभाच भरायला लागली. दुपारी नीट ऐकायला मिळतंय म्हटल्यावर संध्याकाळी कोण कशाला येतंय? खाली उरले शिवराम, पुतळा आणि भिंतीला टेकून पेंगणारा वॉचमन.

"लोकांना गोडीच राहिली नाही," शिवराम जेवताना म्हणाला. "बंद करू या आता." त्याने ताट बाजूला सारलं. पुतळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगावं तर नवऱ्याचं मन मोडतं, न सांगावं तर वाचनच मोडतं. ती उठून भांडी आवरायला लागली.

दुसऱ्या दुपारी पान संपवून तिने मान वर केली, तर दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगात शिवराम उभा! ड्युटी लवकर सुटली होती. पुतळाने घाईघाईने ग्रंथ मिटला.

"मी वाचतो तेव्हा झोपा काढता ना सगळ्या?" त्याने विचारलं.

 भिमाबाईच म्हणाल्या, "बाळा, रागवू नको. पन तू वाचतोस तवा मला वाटतं, माझा स्टॉप आला, आता उतराया पायजे."

बायांनी पदर तोंडात कोंबले. शिवराम मोरीत जाऊन तोंड धुऊ लागला. बराच वेळ धूत होता. बाया एकेक करून सटकल्या.

"अहो, चुकलं माझं," पुतळा म्हणाली.

"वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू?" टॉवेलात तोंड खुपसूनच तो बोलला. "पण तुझं ते पान संपेपर्यंत दारातून पाय हलेना, पुतळा. आज खाली तू वाच."

संध्याकाळी पांढरी साडी नेसून ती खाली गेली. सतरंज्या अंथरलेल्या, मेणबत्ती लावलेली, आणि खोली रिकामी. शिवरामचा पत्ता नाही. रुसला की काय? एवढ्यात जिन्यातून आवाज आला आणि सगळे मजले दणाणले.

"चला, चला, चला! लवकर चला!"

दारं उघडली. बाया आल्या, पुरुष आले, पोरंटोरं आली. दारात उभा राहून शिवराम दोन्ही हात हलवत होता. "पुढे सरका, पुढे सरका! मधे जागा रिकामी आहे! भिमाबाई, तुम्ही खिडकीशी!"

सगळे बसल्यावर तो दाराशीच टेकला. त्याने पुतळाकडे पाहिलं आणि बस सोडताना घंटी द्यावी तशा दारावर दोन टिचक्या मारल्या. टण टण! पुतळा हसली आणि वाचायला लागली.