घंटी मी मारली

बत्तिसाव्या वर्षी माझा ठाम समज होता, की आपल्याइतकी हुशार बाई अख्ख्या पाथर्डी तालुक्यात दुसरी नाही. कारण एवढंच, की मी सातवी पास होते आणि वस्तीवरच्या बायका माहेरची पत्रं माझ्याकडून लिहून घ्यायच्या. आज ती बाई समोर येऊन बसली तर मी आधी पोटभर हसेन आणि मग तिला चहा पाजेन. तिनं मूर्खपणा पुष्कळ केला. पण एक काम असं केलं, की त्याचा मला अजून माज आहे.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या गावाला मुक्कामाची एसटी होती. संध्याकाळी नगरहून तिसगावमार्गे यायची, रात्री मारुतीच्या देवळापुढं उभी राहायची आणि सकाळी सहाला परत निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपायचे. गावातली घरं पाळीपाळीनं त्यांना जेवू घालायची, म्हणून गाव छाती काढून म्हणायचं, गाडी आमची. आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर, त्याच तिसगावच्या रस्त्याला. आम्ही बौद्ध. जेवणाच्या पाळीत आमचं एकही घर नव्हतं, आणि गाडीच्या थांब्यांतही आमच्या वस्तीचं नाव नव्हतं. गाडी आमच्या अंगणावर धुरळा उडवत जायची. तेवढा मात्र दिवसातून दोनदा, न चुकता मिळायचा.

गावातली शाळा सातवीपर्यंत. माझी पोरगी आठवीला तिसगावच्या हायस्कुलात जायला लागली, तिच्याबरोबर वस्तीवरच्या आणखी दोघी. गाडी दारावरून जायची, पण ती पकडायला पोरींना अंधारात उलटं गावात चालत जावं लागायचं. मधे ओढा, दोन्ही अंगांना वेड्या बाभळी, आणि ओढ्याच्या पुलावर बसलेली गावातली टगी पोरं. आदल्या वर्षी वस्तीवरच्या दोघींची शाळा ह्याच पुलावर सुटली होती. माझे मालक नगरला कारखान्यात कामाला, रविवारी घरी यायचे. एका रविवारी ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दिवाळीपत्तुर बघू. गाडी वस्तीवर थांबली तर बरं, न्हाईतर पोरीची शाळा बंद. मी तिकडं मशिनीवर उभा आन् जीव हितं पुलावर."

पोरगी चुलीपाशी बसली होती. ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठली.

मग मी माझी हुशारी बाहेर काढली. एसटीच्या आगाराला चार पानी अर्ज लिहिला. पहिल्या पानावर नुसते नमस्कार होते. दुसऱ्यावर ज्ञानाचा महिमा आणि दिव्याच्या उपमा. थांब्याचा विषय तिसऱ्या पानाच्या तळाशी आला, आणि चौथ्यावर मी साहेबांच्या मुलाबाळांना उदंड आयुष्य चिंतलं. साहेबांना मुलंबाळं आहेत की नाहीत, हेही मला ठाऊक नव्हतं. महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं: ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा.

सरपंचांकडं गेले. ते ओट्यावर दाढी करत होते. आरशातून नजर न काढता म्हणाले, "बाई, तुमच्या वस्तीला थांबा दिला की उद्या दरेक बाभळीखाली थांबा मागत्याल. गावाच्या गाडीला उशीर व्हतो."

"दोन मिनिटाचा उशीर, सरपंच."

"दोन मिनिटं का दोन तास, गाडीवाल्यांना जेवू कोन घालतं? गाव घालतं."

हे ऐकून माझ्या सुपीक डोक्यात काय यावं? की आपणही जेवू घालावं! मी कंडक्टरला गाठलं. त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग हळूच विचारलं, "कोंबडी बरी करता का?"

झालं. दर चार-सहा दिवसांनी माझी एक कोंबडी कमी व्हायला लागली. दिवस मावळायच्या सुमाराला मी डबा घेऊन आडवाटेनं शाळेच्या मागं जायचे. गावाला माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, कंडक्टरला रस्सा चालत होता, वर तो तिखटाचं कौतुकही करायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वस्तीवर थांबायची. फक्त दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी धुरळा. मी मात्र वस्तीवर मिरवत होते. बायकांना सांगायचे, "वर ओळख असावी लागती."

एका सकाळी सासऱ्यांनी खुराड्यात वाकून पाहिलं. सासरे तरुणपणी नागपूरला जाऊन धम्म घेऊन आलेले, घरातले सगळे देव त्यांनी स्वतःच्या हातानं टोपलीत भरून ओढ्यात सोडलेले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. खुराड्यात एकच कोंबडी होती, तीही खुडूक. आबांनी विचारलं, "सूनबाई, बाकीच्या कुटं गेल्या?"

मी फुशारकीनं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमी म्हसोबाचं कोंबडं बंद केलं, मरीआईचं बंद केलं. आन् तू कंडक्टरला वाहायला लागलीस व्हय?"

मला तोंड लपवायला जागा पुरेना.

"उरलेली कोंबडी संपली की काय दिशील? शेरडू? सरकारी गाडी हाय ती. नवसाला पावती का?"

त्या दिवसापासून डबा बंद झाला, आणि अर्थातच गाडीचं थांबणंही बंद. दिवाळीला सहा-सात आठवडे उरले होते. विहारापुढं आम्ही बायका जमलो. कुणी म्हणाली रस्त्यात आडवं पडू. तिच्या सासूनं तिला तिथंच गप्प केलं, "तू आडवी पडशील आन् झोप लागंल तुला." तेवढ्यात मला आठवलं, की गाडीच्या छताला एक दोरी असते. कंडक्टर ती ओढतो, पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजते. ड्रायव्हर मागं वळून कोण ओढतंय ते बघत नाही. तो फक्त ऐकतो.

दुसऱ्या दिवशी पोरींना वस्तीवर रस्त्याच्या कडेला उभं केलं, आणि मी एकटी उजाडायच्या आत गावात जाऊन गाडीत बसले. तिसगावचं तिकीट काढलं. वस्ती दिसायला लागली. कंडक्टर मागं तिकिटं फाडत होता. मी बाकावर चढले, दोरी धरली आणि अंगातला सगळा जोर लावून ओढली. पण घाबरून दोरी अशी काही हिसकली, की घंटी वाजली दोनदा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. लहान पोरालाही माहीत असतं. ड्रायव्हरनं गिअर बदलला आणि गाडी दुप्पट वेगानं पळवली. खिडकीतून मला माझी पोरगी दिसली, धुरळ्यात, दप्तर तोंडावर धरलेली.

संध्याकाळी चुलीत लाकूड सारताना ती म्हणाली, "आई, एकदाच ओढायची असती."

पुढच्या दिवशी मी एकदाच ओढली. ब्रेक कर्रकन लागला. गाडी बरोबर वस्तीपुढं उभी राहिली आणि तिन्ही पोरी चढल्या. कंडक्टर धावत पुढं आला.

"कोनी मारली घंटी?"

"मी मारली."

"घंटी मारायचा अधिकार कंडक्टरला हाय!"

"मग तुमी मारा ना. मी हाताची घडी घालून बसते."

"हितं थांबा न्हाई, बाई."

"मानसं हायेत की."

पुढच्या बाकावरून गावातले एक पागोटेवाले म्हातारे ओरडले, "उतरवा त्यांना! गावाची गाडी हाय!"

"बाबा, गावाची असंल तर रात्री दावणीला का बांधत न्हाई?" मी म्हणाले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. कंडक्टरचा चेहरा लालबुंद झाला.

"मी रिपोर्ट करीन तुमचा."

"करा. वस्तीचं नाव नीट ल्हिवा फक्त."

मग गावाची जशी जेवणाची पाळी, तशी आमची घंटीची पाळी लागली. रोज एक बाई उजाडायच्या आत गावात जाऊन गाडीत बसायची. कंडक्टरनं दोरीपाशी उभं राहून पाहिलं. बायकांनी बाकाच्या लोखंडी दांडीवर पितळी तांब्या आपटून घंटी वाजवली. ड्रायव्हर थांबला. पुढं पुढं मला संशय यायला लागला, की ड्रायव्हरला फरक कळत होता आणि तरीही तो थांबत होता. त्यालाही पोरी होत्या, हे पुष्कळ नंतर समजलं. कंडक्टर मात्र इमानानं रोज रिपोर्ट लिहीत होता.

शेवटी आगारातून बोलावणं आलं. मी लुगडं घडी करून रात्रभर उशाखाली दाबून ठेवलं, भाषण पाठ केलं, आणि आबांना घेऊन गेले. साहेबांच्या दारात पोचले आणि भाषण पहिल्या शब्दासकट गायब. साहेबांपुढं रिपोर्टांची चळत होती.

"बाई, तुम्ही सरकारी कामात अडथळा आणताय. त्या वस्तीचं नाव आमच्या यादीतच नाही."

माझी नजर त्या चळतीवर गेली. मी म्हणाले, "साहेब, यादीत नसंल. पर ह्या कागदावर हाय, त्याच्या खालच्यावर हाय, त्याच्या बी खालच्यावर हाय. तुमच्याच मानसानं ल्हिवलंय. गाडी रोज हितं थांबती आन् हितं तीन मुली चढत्यात. आता न्हाई कसं म्हनता?"

साहेबांनी चष्मा काढला. "पण थांब्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो."

"थांबायला ठराव लागतो. मग इतकी वरसं न थांबता गेली, त्याचा ठराव कुनी केला? तेवढा दाखवा, मी घरी जाते."

आबा माझ्यामागं खोकले. साहेबांनी चळत उचलली, एकेक कागद पाहिला आणि म्हणाले, "उद्या आमचा माणूस येऊन पाहील."

त्यांचा माणूस आला. त्यानं रस्त्यावर तीन पोरी पाहिल्या, नगरच्या दवाखान्यात निघालेली एक गरोदर बाई पाहिली, दोन दुधाचे कॅन पाहिले. कागदावर काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेला. मी आग्रह केला नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लोखंडी पाटी आली. वस्तीचं नाव, खाली 'विनंती थांबा'. त्या रविवारी मालकांनी पाटी दोनदा हलवून पाहिली, पक्की आहे का म्हणून. मग पोरीला म्हणाले, "दप्तराचा बंद तुटलाय, शिवून घे."

सोमवारी सकाळी बघते तर पाटीपाशी सरपंच उभे. पांढरी टोपी, हातात नारळ, बरोबर दोघं हार घेऊन. मला म्हणाले, "बाई, शेवटी आमी थांबा मिळवून दिला बरं का. गाडी आली की पूजा करू. दोन शब्द तुमी बी बोला, ग्रामपंचायतीचे आभार माना."

"पोरींचा पैला तास गनिताचा हाय, सरपंच."

"पाच मिन्टं लागत्याल."

"गावाच्या गाडीला दोन मिनिटाचा उशीर चालत न्हाई म्हनला व्हता."

गाडी आली, थांबली. पोरी चढल्या. माझी पोरगी आत जाऊन खिडकीपाशी बसली आणि लगेच वही उघडली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरपंच नारळ घेऊन पुढं सरसावले, "थांबा, थांबा!" म्हणाले. मी ड्रायव्हरला हात केला, "चला तुमी." गाडी निघाली. नारळ त्यांच्या हातात राहिला आणि धुरळा टोपीवर बसला.

त्या थांब्याबद्दल मी तेव्हा कुणाचे आभार मानले नाहीत. पुढं त्याच पाटीखालून किती पोरी शिकायला गेल्या, तरी अजून मानलेले नाहीत. आमच्या दारावरून जाणारी गाडी आमच्या दारात थांबली. ह्यात उपकार कुणाचा?