चिरेखाणीनंतरचे मैल

माझी नणंद माझ्या दोन पावलं पुढे धावत होती. मान मागे वळवून ती माझ्याशी काहीतरी बोलत होती, आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच ती दिसेनाशी झाली. ती ओरडली नाही. पडल्याचा आवाजही मला आठवत नाही. समोर वाळलेलं गवत होतं, सकाळचं कोवळं ऊन होतं, आणि ती नव्हती.

हे विजयदुर्गाहून परत येताना सड्यावर घडलं. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. आदल्या दिवशी दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही दोघी मालवणहून निघालो होतो. किनाऱ्याकिनाऱ्याने, पुळणीतून, खाडीच्या बांधांवरून आणि सड्यांवरच्या पायवाटांनी विजयदुर्ग गाठायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, म्हणजे शंभर मैल होतात, असा तिचा हिशेब होता. रात्रभर धावून आणि चालून आम्ही उजाडताना विजयदुर्गाला पोचलो, बंदरावर चहा घेतला आणि परतीला लागलो. अवघड अर्धं संपलं, असं ती म्हणत होती.

हे सगळं तिचंच होतं. ती शाळेत पी.टी. शिकवायची. पुण्याला शिकायला असताना तिने परदेशातल्या शंभर मैलांच्या शर्यतींबद्दल वाचलं होतं, तेही रस्त्यावरून नव्हे, डोंगरातल्या वाटांवरून. इथे तसं काही होत असल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. ही गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. तेव्हा मालवणात एखादी बाई पहाटे किनाऱ्यावर धावताना दिसली, तर लोक आधी तिच्या मागे कोण लागलंय ते बघायचे. म्हणून माझ्या सासूबाईंनी अट घातली होती. त्या बाजारात मासे विकायच्या आणि कमी बोलायच्या. मुलीबद्दल म्हणाल्या, "चेडवाक एकट्या धावाक धाडूचंय नाय. तू वांगडा जा."

म्हणून मी तिच्या वांगडा, म्हणजे तिच्या सोबतीला, जायला लागले. सुरुवातीला मी नुसती चालायचे आणि ती पुढे जाऊन परत माझ्याकडे यायची. मग मीही थोडी थोडी धावायला लागले. धावणं मला आवडलं का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. दोन हिवाळे गेले. तिने शंभर मैलांचं ठरवलं, तेव्हा मी किती अंतर येणार हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. सोबत म्हटली की शेवटपर्यंत.

मी धावत त्या गवतापाशी गेले आणि काठावर कशीबशी थांबले. खाली चिरेखाण होती. जांभ्याचे चिरे कापून नेलेला, भिंतीसारख्या सरळ कडांचा चौकोनी खड्डा, दोन पुरुष तरी खोल. रात्री जाताना अंधारामुळे हा टप्पा आम्ही डांबरी रस्त्याने केला होता, आणि महिन्यापूर्वी ही वाट बघून गेलो होतो, तेव्हा इथे नुसता सडा होता. वाट खाणीपर्यंत येत होती आणि खाणीच्या पलीकडच्या काठावरून पुन्हा सुरू होत होती. मधली वाटच कुणीतरी कापून नेली होती. ते बघून माझं डोकं चालेना. ती खाली लाल मातीत कुशीवर पडली होती आणि तिचा एक पाय असावा तसा नव्हता.

"गो," मी हाक मारली. मला तिचं नाव आठवेना.

"हालू नको," ती खालून म्हणाली. "तू पण पडशील."

ती माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत होती. घरात ती तसं कधी बोलायची नाही, फक्त शाळेत बोलायची. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

खाणीच्या पलीकडच्या अंगाला ट्रक उतरायची उतरण होती. मी वळसा घालून खाली गेले. जवळच खाणकामगारांच्या झोपड्या होत्या, विजापूरकडची माणसं. माझं ओरडणं ऐकून ती आली. त्यांना मराठी फार येत नव्हतं, आणि मी काय बोलत होते ते मलाही कळत नव्हतं. पण त्यांनी बघितलं आणि त्यांना समजलं. एका बाईने झोपडीतली बाज ओढत आणली. तिच्या नवऱ्याने चिरा मोजायच्या दोन फळ्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावून लुगड्याच्या पट्टीने बांधल्या. तेव्हा नणंद फक्त एकदा "आये" म्हणाली. चौघांनी बाज उचलली आणि उतरणीवरून वर रस्त्यावर आणली.

माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, मोटरसायकलने आमच्या पुढे पुढे राहायचा आणि ठरलेल्या गावी पेज, केळी, मीठ-लिंबाचं पाणी घेऊन थांबायचा. त्या वेळी तो पुढच्या तिठ्यावर वाट बघत होता. खाणीच्या मुकादमाच्या फोनवरून त्याला कळवलं. तो येताना आंब्याच्या पेट्यांचा एक रिकामा टेम्पो घेऊनच आला. बहिणीला बघून त्याने डोक्याला हात लावला आणि तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. मग उठला आणि बाज टेम्पोत चढवू लागला.

मी आत चढायला टेम्पोचा दांडा धरला. नणंद म्हणाली, "तू खंय चाललंस?"

"खंय म्हणजे? तुझ्यावांगडा."

"माझ्यावांगडा दादा आसा. तू धाव."

मला वाटलं, दुखण्यामुळे ती भलतंच बोलतेय. "गप रव," मी म्हटलं.

"माझो पाय मोडलो, वैनी. तुझो नाय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मला टेम्पोत ओढून घेईल आणि प्रश्न मिटेल असं मला वाटलं होतं. तो टेम्पोच्या फळीला टेकून उभा होता. "तू काय ता ठरव," तो म्हणाला. "पण लवकर ठरव. हिका न्हेवक होया."

मी दांडा सोडला. का सोडला, ते मी पुढे पुष्कळांना पुष्कळ तऱ्हांनी सांगितलं आहे. खरं एवढंच, की हात सुटला. नवऱ्याने पिशवीतली केळी आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि टेम्पो गेला. ती बाज देणारी बाई रस्त्यावर माझ्याबरोबर उभी होती. तिने मला टेम्पो गेला त्या दिशेला बोट दाखवलं आणि मग माझ्याकडे बघून नुसता हात हलवला. तू कशी नाही गेलीस, असं विचारत असावी.  मी धावायला लागले.

देवगडपर्यंतचं मला जवळजवळ काहीच आठवत नाही. पाय चालत होते, एवढंच. प्रत्येक गवताच्या झुबक्यापुढे मी थांबायचे, वाटेत उचललेल्या काठीने जमीन आहे का ते बघायचे आणि मगच पाऊल टाकायचे. धावणारी बाई मध्येच थांबून जमीन चाचपते हे बघून गुराख्यांनी मला हसून घेतलं. जमीन अशी मधेच संपू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं, आणि एकदा कळल्यावर प्रत्येक पावलाला ते कळतच होतं.

देवगडच्या पुढे खाडी होडीने ओलांडायची होती. होडीत बसले आणि माझे दात वाजायला लागले. ऊन होतं, घाम होता, आणि मी थंडीने कुडकुडल्यासारखी हलत होते. होडीवाल्याने स्वतःच्या डोक्याचा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला. पलीकडे उतरताना मी तो परत द्यायला गेले, तर "रवांदे," म्हणाला आणि होडी वळवली.

कुणकेश्वरला पोचले तेव्हा सूर्य समुद्राला टेकला होता. देवळाबाहेर शहाळी विकणाऱ्या एका बाईसमोर मी बसले आणि मला उठता येईना. तिने माझ्या पायांकडे बघितलं. बूट इतके घट्ट झाले होते, की बोटं कुठे संपतात ते कळत नव्हतं.

"नवस बोललंस काय गो?" तिने विचारलं.

"होय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तिने शहाळं दिलं. मग कोयता घेतला, माझा पाय आपल्या मांडीवर ओढला आणि बुटाचा पुढचा भाग चरचर कापून टाकला. दुसराही तसाच कापला. बोटं बाहेर आली, काळीनिळी. मला ती कुणा दुसऱ्याची वाटली. "आता जा," ती म्हणाली, "देव बघता."

तिथून पुढे मिठबाव, तांबळडेग, मग आचरा. आचरा माझं माहेर. आईच्या घराची वाट मला अंधारातही दिसत होती आणि घरात दिवा होता. मी त्या बाजूला मान वळवली नाही. वळवली असती तर मी ओटीवर बसले असते, आणि बसले असते तर सकाळपर्यंत उठले नसते. त्या फाट्यावरून पुढे जाताना मी पहिल्यांदा रडले, आणि रडत रडत धावता येतं याचंच मला नवल वाटलं.

सुरूच्या बनातून जाताना मला मागे पावलं ऐकू यायला लागली. नणंदेची पावलं मी ओळखते, ती डावा पाय जरा जोरात टाकते. मी थांबले की पावलं थांबायची. मी मागे वळून "ये मा गो," असं मोठ्याने म्हटलं. कुणी नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती, पण उलट बरं वाटलं. पावलं बरोबर राहावीत म्हणून मग मी थांबायचंच सोडून दिलं.

मालवणच्या किनाऱ्यावर ज्या माडाखालून निघालो होतो, तिथे पोचले तेव्हा फटफटत होतं. होड्या परत येत होत्या. मी माडाला हात लावला. आनंद होईल, निदान काहीतरी होईल, म्हणून मी तशीच उभी राहिले. काही झालं नाही. जाळं झाडणारा एक म्हातारा माझ्याकडे बघत होता. "कोणाक शोधतंस गो?" त्याने विचारलं. "कोणाक नाय," मी म्हटलं आणि घराकडे चालू लागले.

घराला कुलूप होतं. शेजारणीने किल्ली दिली आणि सांगितलं, की नणंदेला कणकवलीला नेलंय, मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन होणार, आणि सासूबाई कालच तिकडे गेल्या. मी आंघोळ केली. नवऱ्याच्या मोठ्या चपला पायात अडकवल्या आणि पहिली एस.टी. धरली. गाडीत मी झोपले आणि कंडक्टरने मला हलवून उठवलं.

दवाखान्यात सासूबाई खाटेशी बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले. त्यांच्या पोटच्या मुलीला टाकून मी पुढे धावत गेले, असं त्या म्हणतील, आणि मग मी काय बोलायचं, हे मी गाडीत मनाशी जुळवत होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. उठल्या, मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसून माझी बोटं पदराने पुसायला लागल्या. मला पाय मागे घेता येईना. त्यांच्या डोक्यावरून मी नणंदेकडे बघितलं.

"पोचलंस?" तिने विचारलं.

"पोचलंय."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. खाणीत एवढं होऊनही जी रडली नव्हती, ती आता रडत होती, उशी दातांत धरून. मला जा म्हणून सांगणारी तीच होती. मी काय करावं ते मला कळेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिने तो खांद्याने झटकला.

पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरी आणल्यावरही नाही. मी तिला न्हाऊ घालायचे, जेवण द्यायचे, आणि ती आपल्या दादामार्फत माझ्याशी बोलायची. तिने मला धाडलं, आणि मी गेले, आणि मी पोचले. यातलं नक्की काय तिला सोसवत नव्हतं ते तिलाही सांगता आलं नसतं, असं मला आता वाटतं.

एक दिवस दुपारी सासूबाई बाजारात होत्या. मी तिच्यासमोर भाताचं ताट ठेवून वळले, तेवढ्यात ती म्हणाली, "खाणीच्या पुढे काय काय झाला? सगळा सांग."

मी खाली बसले आणि सांगायला लागले, काठीने जमीन चाचपत कशी गेले तिथपासून. दात वाजले ते सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "थंय मीठ खावचा होता. तुका किती वेळा सांगितलंय?" बूट कापले ते सांगितलं, तर म्हणाली, कुणकेश्वरला नव्हे, देवगडलाच ते काढून पाय उंच ठेवायला हवे होते. आचऱ्याचा चढ मी धावत चढले हे ऐकून तिने कपाळावर हात मारला. चढ चालायचा, हे तिने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी भांडायला लागले, की तेव्हा माझ्या डोक्यात काही राहिलं नव्हतं. तीही भांडायला लागली. पावलांचं मी सांगितलं नाही. ते मी पुढेही तिला कधी सांगितलं नाही.

"आता परत कधी?" मध्येच तिने विचारलं.

मी तिच्या पायाकडे बघितलं. त्यात आता लोखंडी सळी होती, आणि लांबचं धावणं संपलं असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. कधीच नाही, असं मला म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "पुढच्या थंडीत." मी दचकले. 

"मग काठी नको, सवय लागता," ती म्हणाली. "वाट आधी मी बघून येतंय. दादाच्या गाडयेर बसान."

सासूबाई रिकामी पाटी घेऊन दारातून आत आल्या, तेव्हा भात निवून गेला होता आणि आम्ही दोघी एकाच ताटात जेवत होतो.