भिंतीपलीकडची सिरीज

नवी वेब सिरीज लावली मी, आणि ती सुरू झाली भिंतीपलीकडं, धाकट्या भावाच्या टीव्हीवर.

झालं असं, की त्याच त्या मालिकांना कंटाळून मी मोबाईलवर काहीतरी नवं शोधत होतो. अर्धा तास नुसती चित्रं वर सरकवली. शेवटी एक सापडली : दोन भाऊ, एक विहीर आणि अबोला. मोठ्या पडद्यावर बघू म्हणून टीव्हीवर पाठवायचं बटण दाबलं. आमचा टीव्ही काळा ठिक्कर, आणि पलीकडं सनई सुरू.

वाटण्या झाल्या तेव्हा आम्ही रान वाटलं, म्हशी वाटल्या, घराच्या मधोमध विटांची भिंत घातली. वायफाय तेवढं वाटायचं राहिलं. टीव्ही दोघांचे एकाच दुकानातले, मोबाईलवर नावंही सारखीच. मी आपलं घाईत वरचं दाबलं.

एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण मागच्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, बांधावरून आमची बोलाचाली झाली, तेव्हापासून भाऊ बोलत नाही. यंदाची येळवस चार दिवसांवर आलेली. त्या दिवशी सगळं घरदार रानात जेवतं, आणि त्याआधी उभ्या ज्वारीभोवती आंबील शिंपायची. ते काम आम्हा दोघांचं. मडकं माझ्याकडं, शिंपणारा तो. जेवणात डाळीच्या पिठात शिजवलेली मिसळभाजी, म्हणजे भज्जी, हवीच. बायको रोज विचारायची, "भज्जी किती माणसांची धरू?" मी रोज म्हणायचो, "बघू."

"आवो, बंद करा की ते!" बायको म्हणाली.

अंगठा नेलाही होता. तेवढ्यात पलीकडून भाऊ हसला. खोकला येईपर्यंत हसतो, तसा. वर्ष झालं होतं ते ऐकून. मग आम्ही नवरा-बायको काळ्या टीव्हीसमोर बसलो आणि अख्खा पहिला भाग भिंतीतून ऐकला. सिरीज कशी आहे म्हणाल, तर आवाज बरा आहे.

शेवटी शेवटी त्यातला थोरला ओरडला, "या विहिरीवर परत पाय ठेवायचा नाही!" पलीकडचं हसणं थांबलं. टीव्ही बंद झाला.

आता हा म्हणणार, थोरल्यानं मुद्दाम लावलं, मला टोमणा मारायला. चूक झाली म्हणून सांगावं, तर बोलणार कुठल्या तोंडानं? आणि बोललो तरी कोण खरं मानणार?

दुसऱ्या दिवशी गोठ्यापाशी समोरासमोर आलो. त्यानं मान खाली घातली. मी उगाच म्हशीचं दावं सोडलं आणि परत बांधलं. मोबाईलला दिवसभर हात लावला नाही.

दिवेलागणीला भिंतीपलीकडून आवाज आला. तो बोलत होता त्याच्या बायकोशी, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "इचार की त्येंला, दुसरा भाग लावणार हायत का न्हाय? का उगी मधीच सोडायचं?"

मी हरखून मोबाईल उचलला. बायकोनं तो हातातून काढून घेतला.

"भाग ऱ्हाऊ द्या. दारातनं जावा आन् भावजींना येळवशीला बोलवून या."

"आन् न्हाय म्हणला तर?"

ती पिठाच्या डब्याकडं वळली. "तर आठ दिवस भज्जी खायची तुम्ही. मी दोन्ही घरांची धरलीय."